न्हाणीघरातील उपकरणे : निवड आणि निगा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना किंचित हसू आले असेल. विकासाच्या मोठमोठ्या योजनांवर बोलावे, ते सोडून या गृहस्थाने नळाच्या तोटीवर आणि संडासाच्या भांड्यावर का बोलावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मी एका प्रसंगाने देतो.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयाच्या कामानिमित्त मी एका गावच्या शाळेत गेलो होतो. शाळेच्या आवारात मुलींसाठी नवे स्वच्छतागृह बांधलेले होते. भिंतींवर सुंदर चित्रे रंगविलेली, दारावर सुवाच्य अक्षरांत नाव घातलेले. मला छायाचित्र हवे होते म्हणून दार उघडण्याची विनंती केली, तेव्हा मुख्याध्यापकांनी संकोचून कुलूप दाखविले. आतील दोन्ही तोट्या बसविल्यापासून तीन महिन्यांतच मोडल्या होत्या. पाणी वाहून जाऊ नये म्हणून मुख्य कॉक बंद केला. पाणी नाही म्हणून घाण झाली आणि घाण झाली म्हणून कुलूप लागले. मुली काय करतात, असे मी एका शिक्षिकेला विचारले. त्या म्हणाल्या, "साहेब, मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. मोठ्या खर्चाने उभी राहिलेली एक वास्तू दोन हलक्या तोट्यांपायी निकामी झाली होती आणि तिची किंमत दहा-बारा वर्षांच्या मुली तहान मारून चुकवीत होत्या. मी कला शाखेचा पदवीधर आहे. नळजोडणीचे शास्त्र मी महाविद्यालयात शिकलो नाही. परंतु त्या दिवसापासून जाणकार गवंडी, प्लंबर आणि अभियंते यांच्याकडून जे समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवावे एवढाच आजचा हेतू आहे.

बांधकाम झाले, पुढे काय?

स्वच्छतेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. संत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी सोईचा संडास आणि मैल्यापासून खत यांचे प्रयोग केले. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० साली स्थापन केलेल्या सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांचा संडास देशभर पोहोचविला. गाडगेबाबांच्या नावाने आपल्या राज्यात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ झाला आणि पात्र ग्रामीण कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळू लागले. २०१९ साली जल जीवन मिशनची घोषणा झाली. माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाने पोहोचावे, हे त्यातील उद्दिष्ट.

या प्रयत्नांमुळे घरोघरी न्हाणीघर, शौचालय आणि नळ आले. पण भिंत वीस-पंचवीस वर्षे उभी राहते, तोटी मात्र दिवसातून पन्नास वेळा फिरते. तेव्हा वास्तू टिकते की निकामी होते, हे पुष्कळदा तिच्यातील सर्वांत लहान वस्तूवर ठरते. घर बांधताना आपण सिमेंट-लोखंडाची चौकशी चार ठिकाणी करतो आणि तोट्या, ट्रॅप, भांडे ही खरेदी मात्र शेवटच्या दिवशी, शेवटच्या पैशांत उरकतो. आजचे माझे गाऱ्हाणे या सवयीविषयी आहे.

खरेदीपूर्वीचे तीन प्रश्न

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असली पाहिजेत.

पहिला प्रश्न : आपल्या गावचे पाणी कसे आहे? विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथील खाऱ्या पाण्यात लोखंडी नळ लवकर गंजतात, म्हणून तेथे प्लॅस्टिकचे नळच हितावह. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विंधनविहिरीचे पाणी जड असते. त्यातील क्षार शॉवरच्या बारीक छिद्रांत आणि पाणी तापविण्याच्या टाकीत साचून बसतात. किनारपट्टीच्या गावांत खाऱ्या हवेने पातळ मुलाम्याची चकाकी पाहता पाहता उतरते. ज्या गावात पाण्याबरोबर वाळू आणि गाळ येतो, तेथे पाव वळणात उघडणारी, आत चिनी मातीच्या चकत्या असलेली नवी तोटी लवकर खराब होण्याचा संभव असतो, कारण वाळूचा कण चकत्यांमध्ये अडकला की तिला ओरखडे पडतात. अशा ठिकाणी रबरी वायसरची जुनी तोटीच बरी. वायसर झिजला तरी तो काही रुपयांत बदलता येतो.

दुसरा प्रश्न : पाण्याला दाब किती आहे? छपरावरच्या टाकीतील पाण्याची पातळी तोटीपेक्षा जितके मीटर उंच, तितका दाब मिळतो. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार, म्हणजे एक मीटरला त्याचा दहावा हिस्सा, असा हिशेब आहे. आपल्या बैठ्या घरात टाकी शॉवरपासून दोन-तीन मीटरच उंच असते. एक बार दाबासाठी तयार केलेला रुंद तोंडाचा शॉवर तेथे लावला तर पाण्याची धार पडणार नाही, ते नुसते ठिबकेल. मग दोष दुकानदाराचा नाही, न विचारणाऱ्या आपला. वेष्टनावर किमान दाबाचा आकडा बहुधा छापलेला असतो. तो वाचावा, नसेल तर विचारावा.

तिसरा प्रश्न : ही वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करील? ज्या तोटीचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही, ती कितीही देखणी असली तरी आपल्या कामाची नाही. आठवडी बाजाराच्या गावी ज्याचा वायसर, ज्याचा स्पिंडल मिळतो आणि जी गावातील माणसाला उघडून जोडता येते, ती तोटी आपली.

तोटीची पारख

तोटी पितळेची असावी, हा जुना नियम आजही खरा आहे. अडचण एवढीच की, क्रोमचा चकचकीत मुलामा चढविला की पितळ आणि जस्ताचा हलका मिश्रधातू बाहेरून सारखेच दिसतात. जस्ताची तोटी पाण्यात लवकर खराब होते, तिचे आटे ठिसूळ होतात आणि पाना लावताच मान तुटते. शाळेतील त्या दोन तोट्या अशाच तुटल्या होत्या.

पारख करण्याचे उपाय साधे आहेत. एकाच आकाराच्या दोन तोट्या दोन हातांत घ्याव्यात. पितळ जड असते, हलकेपणा ताबडतोब जाणवतो. तोटीच्या मागील आट्यांत आणि तोंडाच्या आत, जेथे मुलामा नीट पोहोचत नाही, तेथे पाहावे. पितळाचा पिवळेपणा दिसला पाहिजे, राखाडी रंग दिसला तर सावध व्हावे. लहानसे चुंबक लावून पाहावे, ते चिकटले तर आत लोखंड आहे. मात्र चुंबक चिकटले नाही म्हणजे पितळ सिद्ध झाले असे मानू नये, कारण जस्तालाही चुंबक चिकटत नाही. शेवटी तोटी चार वेळा फिरवून पाहावी. ती अडखळू नये आणि डगमगूही नये.

प्लॅस्टिकची तोटी सर्वथा वाईट, असेही नाही. चांगल्या प्रतीची प्लॅस्टिकची तोटी गंजत नाही आणि चोरीलाही जात नाही. सार्वजनिक ठिकाणी हा दुसरा गुण लहान नव्हे. मात्र ती सतत उन्हात राहिली तर कालांतराने तडकते, म्हणून ती सावलीत बसवावी.

येथे खर्चाचा हिशेबही करून पाहू. समजा, एक तोटी १५० रुपयांना मिळते आणि दर वर्षी बदलावी लागते. दुसरी ५०० रुपयांची आहे आणि दहा वर्षे टिकते. दहा वर्षांत पहिलीवर १,५०० रुपये गेले, शिवाय दहा वेळा प्लंबरची मजुरी आणि गळून गेलेले पाणी वेगळे. स्वस्ताईची किंमत ही अशी हप्त्याहप्त्याने वसूल होते.

चिन्ह आणि त्यामागचा क्रमांक

आपल्या देशात मानके ठरविणारी संस्था १९४७ साली भारतीय मानक संस्था या नावाने स्थापन झाली. १९८६ च्या कायद्यान्वये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले. तिचे आयएसआय चिन्ह आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु नुसते चिन्ह पाहून थांबू नये. चिन्हाच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा परवाना खरा आहे की नाही, हे ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या भ्रमणध्वनीवरील सुविधेत पडताळून पाहता येते. चिन्ह आहे आणि परवाना क्रमांक नाही, अशी वस्तू संशयास्पद समजावी.

काही क्रमांक पंचायतीच्या दप्तरात टिपून ठेवण्यासारखे आहेत. पितळी तोट्यांसाठी आयएस ७८१, चिनी मातीच्या भांड्यांसाठी आयएस २५५६, संडासाच्या पाण्याच्या टाकीसाठी आयएस ७७४, थंड पाण्याच्या पीव्हीसी नळांसाठी आयएस ४९८५ आणि गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसी नळांसाठी आयएस १५७७८. गरम पाण्याच्या जोडणीला साधा पीव्हीसी नळ वापरू नये. तो उष्णतेने मऊ पडतो आणि सांध्यात सुटतो.

संडासाचे भांडे आणि ट्रॅप

आता भांड्याकडे वळू. चिनी मातीचे चांगले भांडे जवळजवळ पाणी शोषीत नाही. मानकाप्रमाणे हे शोषण सरासरी अर्ध्या टक्क्याहून अधिक असता कामा नये. त्यामुळे त्यात दुर्गंधी मुरत नाही. भांडे घेताना त्यावर नाण्याने हलकेच वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ते अखंड आहे, बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा आहे. उजेडात धरून झिलईवर टाचणीएवढी छिद्रे किंवा केसासारख्या रेषा आहेत काय, तेही पाहावे.

परंतु ग्रामीण भागात याहून महत्त्वाची गोष्ट भांड्याच्या उताराची आहे. दोन खड्ड्यांच्या संडासासाठी जे ग्रामीण भांडे तयार केले जाते, त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि त्याच्या ट्रॅपमध्ये केवळ २० मिलिमीटर पाणी उभे राहते. दुर्गंधी आणि माश्या अडविण्यास तेवढे पुरते, आणि दीड-दोन लिटर पाण्यात भांडे साफ होते. शहरी पद्धतीचे सपाट भांडे आणि खोल ट्रॅप यांना याच्या कितीतरी पट पाणी लागते.

हा फरक किती मोठा आहे ते पाहू. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून एकदा संडास वापरला आणि दर वेळी दोन लिटर पाणी लागले, तर १० लिटर झाले. तेच दर वेळी दहा लिटर लागले, तर ५० लिटर झाले. ४० लिटरचा हा फरक म्हणजे, पंधरा लिटरचा हंडा धरला तर, रोज जवळजवळ तीन हंडे. ज्या वाडीत उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे हे तीन हंडे कोणाच्या डोक्यावर येतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरी देखण्या शहरी भांड्याचा संडास हळूहळू लाकडे ठेवण्याची जागा होतो. मग आपण अहवालात लिहितो की, लोकांची मानसिकता बदललेली नाही. अनेकदा मानसिकता बदललेली असते, भांडेच चुकलेले असते.

आणखी एक सूचना. दोन खड्ड्यांच्या संडासात तीव्र आम्ले आणि जंतुनाशके ओतू नयेत. खड्ड्यात मैल्याचे खत करणारे जिवाणू त्याने मरतात. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर ही दोन्ही एकत्र तर कदापि वापरू नयेत. त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि न्हाणीघरासारख्या लहान बंद जागेत तो जिवावर बेततो.

जे दिसत नाही ते

जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखाली जो ट्रॅप बसवितात, त्याला बांधकामाच्या धंद्यात देशभर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. या नावाचे आपल्या न्हाणीशी नाते उघड आहे. त्यात पाणी उभे राहते म्हणून गटाराचा वास आणि झुरळे आत येत नाहीत. तो पुरेसा खोल असावा आणि त्याची जाळी हाताने उचलता यावी, म्हणजे केस व साबणाचा गाळ काढता येतो. न्हाणीघराच्या जमिनीला जाळीच्या दिशेने दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर उतार असावा. फरशी बसविल्यावर गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वी एक बादली पाणी ओतून पाहावे. पाणी जेथे थांबेल तेथे उद्या शेवाळ धरेल.

भिंतीत नळ गाडण्यापूर्वी जोडणीत पाणी भरून ती दाबाखाली तपासून घ्यावी. गिलावा झाल्यावर सापडलेली गळती भिंत फोडल्याशिवाय दुरुस्त होत नाही. प्रत्येक उपकरणाच्या अलीकडे एक लहान कॉक ठेवावा. एक वायसर बदलण्यासाठी सर्व घराचे पाणी बंद करावे लागू नये. त्या शाळेत असा कॉक असता, तर एक तोटी मोडल्यावर दुसरीचे पाणी चालू राहिले असते.

गरम पाणी आणि गरम पाण्याचे धोके

आपल्याकडे तांब्याचा बंब अजून अनेक घरांत आहे. शहरांत त्याची जागा विजेच्या व गॅसच्या गिझरने घेतली. येथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात बसविणे प्राणघातक ठरू शकते. हवा अपुरी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत स्नान करणाऱ्याला गुंगी येते, हाक मारण्याचेही भान राहत नाही. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि केवळ गरम पाण्याचा नळ आत आणावा. पेटलेला बंब किंवा कोळशाची शेगडी बंद न्हाणीत ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे.

विजेच्या गिझरवर आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे, तसा कायदाच आहे. भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, नीट असल्याची खात्री करावी आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे स्वयंचलित उपकरण बसवावे. बादलीत सोडण्याची विजेची कांडी चालू असताना पाण्यात हात घालू नये. लहान मुलांच्या घरात ती कांडी नसलेलीच बरी.

वृद्धांची आणि अपंगांची आठवण

आता थोडे वैयक्तिक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घराचे न्हाणीघर नवे केले. शहाबादी फरशी उखडून तेथे आरशासारख्या गुळगुळीत टाइल्स बसविल्या. पाहुणे कौतुक करीत होते. एके दिवशी पहाटे माझे वडील तेथे घसरले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण त्यानंतर ते पूर्वीसारखे कधी चालले नाहीत. टाइल्स मी निवडल्या होत्या. दुकानदाराने खरबरीत टाइल्सही दाखविल्या होत्या, त्या मला गावंढळ वाटल्या.

यास्तव मी हात जोडून सांगतो की, न्हाणीघराची जमीन खरबरीत असू द्या. संडासाच्या बाजूला आणि नळाजवळ धरण्यासाठी भिंतीत पक्का रोवलेला दांडा बसवा. टॉवेल टांगण्याची पोकळ नळी माणसाचे वजन पेलत नाही. आधारासाठी कोणी ती धरली तर तीच हाती येते. दार बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असले, तर त्याच्यापर्यंत पोहोचणेच अवघड होते. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी बैठकीचा संडास ही चैन नाही, गरज आहे. रात्री चाचपडावे लागणार नाही अशा जागी, दाराबाहेर, दिव्याचे बटण ठेवा.

पंचायतीचे आणि शाळेचे कर्तव्य

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, खरेदीसाठी दरपत्रके मागविताना 'तोट्या, नग वीस' एवढेच लिहून थांबू नका. धातू कोणता, मानक क्रमांक कोणता, आकार कोणता, हमी किती वर्षांची, हे स्पष्ट लिहा. वर्णन मोघम असेल तर सर्वांत कमी दर हा सर्वांत हलक्या मालाचाच येणार, आणि नियमाप्रमाणे तोच घ्यावा लागणार. वर्णन नेमके असेल तर कमी दराचा नियमही आपल्या बाजूने काम करतो. माल आल्यावर त्यातील एक तोटी उघडून पाहा आणि मगच देयकावर सही करा.

ज्या नळांना तोट्याच नाहीत, त्यांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पाणी सुटले की ते गटारात वाहते आणि वरच्या आळीला पाणी चढत नाही. याहून मोठा धोका पाणी बंद झाल्यावर असतो. नळातील दाब उतरला की, डबक्यात बुडालेले उघडे तोंड तेथील घाण पाणी आत ओढून घेऊ शकते. पुढच्या वेळी तेच पाणी शेजाऱ्याच्या हंड्यात जाते. गॅस्ट्रो आणि कावीळ गावात अशा वाटेनेही शिरतात. एका घरची न बसविलेली तोटी ही म्हणूनच त्या घरापुरती गोष्ट राहत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवितो. शाळेतील गळक्या तोटीखाली एक लिटरचे माप ठेवावे आणि ते किती वेळात भरते, हे मुलांना घड्याळ लावून पाहू द्यावे. एका तासात भरले तर दिवसाला २४ लिटर, वर्षाला ८,७६० लिटर. गावात अशा दहा तोट्या असतील तर रोज २४० लिटर, म्हणजे माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने चार माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी. गणिताचा हा धडा मुले घरी जाऊन वडिलांना शिकवतील, याची मला खात्री आहे.

आणि प्रत्येक शाळेत व पंचायतीत एक लहानशी पेटी असावी. तीत एक पाना, एक पेचकस, टेफ्लॉनची पट्टी, डझनभर वायसर आणि दोन जादा तोट्या. ती वापरण्याचे शिक्षण गावातील एका तरुणाला किंवा बचत गटातील एखाद्या भगिनीला द्यावे आणि तिच्या कामाचा मोबदला वेळेवर द्यावा.

समारोप

ज्या शाळेपासून मी आरंभ केला, तेथे गेल्या वर्षी पुन्हा जाण्याचा योग आला. पंचायतीने पितळी तोट्या बसविल्या होत्या, प्रत्येक तोटीच्या अलीकडे कॉक होता. सातवीच्या दोन मुली पेटीतला पाना आणून मला वायसर कसा बदलतात ते दाखवीत होत्या. स्वच्छतागृहाच्या दाराला कुलूप नव्हते. भिंतीवरची चित्रे थोडी फिकट झाली होती. त्याचे कोणालाच फारसे वाईट वाटत नव्हते. निघताना मी पाहिले, व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाभोवती मुलींची गर्दी होती आणि त्या पोटभर पाणी पीत होत्या.

विकासाची मोजदाद आपण किती बांधले यावरून करीत आलो. जे बांधले ते वापरात किती आहे, याची मोजदाद यापुढे करू या. आपण सर्वांनी गावी परतल्यावर प्रथम आपल्या घरची, मग शाळेची आणि मग चावडीची तोटी फिरवून पाहावी, एवढीच विनंती आहे.